गेममधल्या चौकात खऱ्या दुकानाची पाटी, आणि हातात नोटीस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला तपासता येईल.

तुम्ही तिघे मित्र कोल्हापुरात मोबाइल गेम बनवता. खेळणारा रिक्षा चालवतो, गल्लीबोळांतून प्रवासी सोडतो, पैसे साठवून रिक्षा सजवतो. शहराचं नाव काल्पनिक आहे, पण इथला माणूस दोन मिनिटांत ओळखेल असं आहे. गेम फुकट आहे आणि जाहिरातींवर चालतो. एका चौकात तुम्ही मिसळीचं दुकान दाखवलंय. खऱ्या, जुन्या दुकानाच्या नावातला एक शब्द बदलला, पाटीचे रंग आणि अक्षरांचं वळण साधारण तेच ठेवलं. आता त्या दुकानाच्या मालकांच्या वकिलांची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत दुकान काढा, लेखी माफी मागा, भरपाई द्या. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेत 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या कंपनीवर नेमका असाच दावा झाला होता आणि ती जिंकली. मग आपण का घाबरायचं?

मी ट्रेडमार्कची कामं करतो. गेम बनवणारे माझ्याकडे येतात तसे दुकानदारही येतात, त्यामुळे हे भांडण मी दोन्ही खुर्च्यांतून पाहिलं आहे. तुमची नोटीस आणि तुमचा गेम मी पाहिलेला नाही, म्हणून काही ठिकाणी 'हे अमुक गोष्टीवर अवलंबून आहे' एवढंच म्हणावं लागेल. पण तुम्ही ज्या निकालावर भिस्त ठेवून आहात तो नीट वाचला, तर तुमच्या प्रकरणात बळकट काय आणि कच्चं काय हे बरंचसं कळतं.

या सगळ्या भांडणांचा निकाल शेवटी एकाच गोष्टीभोवती फिरतो: ते नाव तुमच्या गेममध्ये काय काम करतं. पाटी चौकाच्या देखाव्याचा भाग असेल तर तुम्ही बऱ्यापैकी भक्कम जमिनीवर आहात. पाटी दाखवून गेम खपवत असाल, किंवा मूळ दुकानाने तुम्हाला पाठिंबा दिलाय असा समज करून देत असाल, तर नाही. नावात किती अक्षरं बदलली हा मुद्दा त्यानंतर येतो.

आता तो निकाल. ई.एस.एस. एंटरटेनमेंट २००० नावाची कंपनी लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागाच्या पूर्व कडेला 'प्ले पेन जेंटलमेन्स क्लब' हा नग्ननृत्याचा क्लब चालवत होती. २००४ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' आला. त्यातलं लॉस सँटोस हे शहर लॉस एंजेलिसवर बेतलेलं, आणि त्याच्या पूर्वेकडच्या वस्तीत 'पिग पेन' नावाचा क्लब. गेमचे चित्रकार स्कॉटलंडमधले. त्यांनी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांचे फोटो समोर ठेवून ही वस्ती उभी केली होती, आणि त्या फोटोंमध्ये प्ले पेनचेही फोटो होते. २००५ मध्ये क्लबच्या मालकांनी दावा लावला: आमचं नाव, आमचं बोधचिन्ह, आमच्या जागेचं रूप, तिन्हीची नक्कल झाली आहे. २००६ मध्ये खालच्या न्यायालयात आणि २००८ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागासाठीच्या संघीय अपील न्यायालयात गेमची कंपनी रॉकस्टार जिंकली.

निकाल कुणी जिंकला एवढंच लोक लक्षात ठेवतात. तुमच्यासाठी मात्र त्यातला हरलेला मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. रॉकस्टारचा एक बचाव न्यायालयाने फेटाळला होता. तो असा: एखाद्या धंद्याविषयी बोलायचं तर त्याचं नाव घ्यावंच लागतं, म्हणून तसं नाव घेणं हा गुन्हा नाही. न्यायालयाचं म्हणणं पडलं की तुम्ही 'प्ले पेन' हे नाव वापरलंच नाही, 'पिग पेन' वापरलंत, आणि त्या क्लबविषयी तुम्हाला काही सांगायचंही नव्हतं. मग हा बचाव तुम्हाला कसा मिळेल? तुमच्याकडेही हेच होणार. एक शब्द बदलल्याने आपण सुरक्षित झालो असं बहुतेकांना वाटतं. त्या बदलाने साम्य थोडं कमी होतं हे खरं, पण 'आम्ही त्याच दुकानाचा प्रामाणिक उल्लेख केला' हे म्हणण्याची सोयही जाते. अर्धवट बदललेलं नाव म्हणूनच मला सगळ्यात अडचणीचं वाटतं. नाव घ्यायचं तर कारण असू द्या आणि सरळ घ्या. घ्यायचं नसेल तर पूर्ण वेगळं करा.

रॉकस्टार जिंकली ती दुसऱ्या मुद्द्यावर. अमेरिकेत अभिनेत्री जिंजर रॉजर्स यांनी इटालियन दिग्दर्शक फेलिनींच्या एका चित्रपटाच्या शीर्षकावरून दावा लावला होता. त्या प्रकरणात १९८९ मध्ये अपील न्यायालयाने कलाकृतींसाठी एक कसोटी घालून दिली, तिला रॉजर्स कसोटी म्हणतात. त्या नावाचा कलाकृतीशी काही संबंध आहे का, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा असा की त्या वापराने लोकांची उघड दिशाभूल केली जाते का. प्ले पेनच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की पहिल्या प्रश्नासाठी संबंध शून्याच्या वर असला तरी पुरे. गेमला त्या वस्तीचं व्यंगचित्र काढायचं होतं, वस्तीत असे क्लब आहेत, म्हणून क्लब आला. दुसऱ्या प्रश्नावर न्यायालय वास्तवाला धरून बोललं: एवढ्या अवाढव्य गेममध्ये तो क्लब एका कोपऱ्यात आहे, त्यात पाऊल न टाकताही खेळता येतं, आणि हा गेम एखाद्या नृत्याच्या क्लबने बनवला असेल असं खेळणाऱ्याला वाटणं फार दूरची गोष्ट आहे.

शिवाय फरकही होते, आणि ते निकालात एकेक करून नोंदवलेले आहेत. गेममधल्या इमारतीला खऱ्या क्लबसारखी दगडी दर्शनी भिंत नव्हती, दाराभोवतीचे सोनेरी खांब नव्हते, मोठी झाडं नव्हती, वाहनतळाभोवतीचं सहा फुटी काळं लोखंडी कुंपण नव्हतं. चित्रकारांनी फोटो पाहिले, पण एका इमारतीची प्रत काढली नाही, वस्ती काढली. तुमच्या चौकाकडे याच नजरेने पाहा. तुमचं मिसळीचं दुकान 'कोल्हापुरातलं एक मिसळीचं दुकान' आहे, की 'ते' दुकान आहे?

याच वाटेवरचे पुढचे काही निकाल सांगतो, कारण सामनेवाले वकीलही तेच शोधणार. 'व्हिराग' ही इटलीतली फरशी आणि जमिनीच्या आच्छादनांची कंपनी. मोटर शर्यतींना ती पैसे पुरवते. 'ग्रान टुरिस्मो'च्या पाचव्या आणि सहाव्या भागात मोन्झाच्या शर्यतमार्गावरच्या पुलावर तिचं नाव जसंच्या तसं दिसत होतं. दावा फेटाळला गेला आणि २०१७ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. खरा शर्यतमार्ग खरा वाटावा ही इच्छाच कलेच्या दृष्टीने पुरेशी ठरली. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने 'कॉल ऑफ ड्यूटी' या गेममधल्या लष्करी हमव्ही गाड्यांबाबत असाच निकाल दिला. तिथे गाडी बनवणाऱ्या कंपनीने ग्राहकांची पाहणी करून सुमारे सोळा टक्के लोकांचा गैरसमज होतो असं दाखवलं होतं. तेवढ्याने भागलं नाही.

उलट बाजूही आहे. 'बॅटलफील्ड ३' या गेममधल्या बेल हेलिकॉप्टरांवरून त्यांची मालक असलेल्या टेक्स्ट्रॉन कंपनीशी वाद झाला, तेव्हा २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने सुरुवातीलाच प्रकरण निकाली काढायला नकार दिला. ती हेलिकॉप्टरं पार्श्वभूमीला नव्हती, खेळणारा स्वतः ती उडवत होता, गेममध्ये त्यांना ठळक जागा होती. पुढे ते तडजोडीने मिटलं. तुमच्या गेममध्ये खेळणारा त्या दुकानापुढून नुसता जातो, की तिथे थांबून मिसळ खाल्ल्यावर त्याला ताकद मिळते, बक्षीस मिळतं, पुढची पातळी उघडते? तुमच्या प्रश्नात हे आलेलं नाही आणि मला ते कळायलाच हवं. दुकान जितकं खेळाच्या मध्यभागी, तितकं मूळ मालकाला 'हे माझ्या नावावर चाललंय' म्हणणं सोपं.

नावावरून धारेवर धरणारी नोटीस म्हणजे दावा नव्हे, हे दाखवणारं एक प्रकरणही आहे. २०१८ मध्ये आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा गेम १८९९ सालात घडतो आणि त्यात पिंकर्टनच्या गुप्तहेरांची टोळी नायकाच्या मागे असते. पिंकर्टन ही कंपनी आजही सुरक्षेच्या धंद्यात आहे. तिने डिसेंबर २०१८ मध्ये नोटीस धाडून पैशांची मागणी केली. गेमच्या कंपनीने वाट न पाहता जानेवारी २०१९ मध्ये स्वतःच न्यायालयात जाऊन 'आमचं काही चुकलेलं नाही असं जाहीर करा' असं मागितलं. पिंकर्टन ही अमेरिकेच्या इतिहासाचाच भाग आहे, तिचं नाव न घेता तो काळ दाखवायचा कसा, हा त्यांचा मुद्दा. एप्रिलमध्ये पिंकर्टनने मागणी मागे घेतली. मात्र असं पाऊल उचलायला पैसा लागतो, आणि तो तुमच्याकडे नाही हे गृहीत धरूनच मी पुढचं लिहितो.

अमेरिकेतही ही ढाल आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक डॅनियल्स या व्हिस्कीच्या बाटलीची नक्कल असलेल्या कुत्र्याच्या खेळण्याच्या प्रकरणात एकमताने सांगितलं की दुसऱ्याचं चिन्ह तुम्ही स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरत असाल, तर रॉजर्स कसोटीचं संरक्षण मिळणार नाही. गेमच्या आतल्या पाटीला याने फारसा धक्का लागत नाही. पण तीच पाटी गेमच्या चिन्हात, नावात किंवा जाहिरातीत गेली की चित्र बदलतं.

आता आपल्याकडे या. रॉजर्स कसोटी ही अमेरिकी न्यायालयांनी त्यांच्या राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे घडवलेली आहे. कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयावर ती बंधनकारक नाही. वकील ती वाचून दाखवेल, न्यायाधीश ऐकतीलही, पण निकाल १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यावर लागेल. तुमच्या प्रश्नातली मोठी गफलत ती हीच.

सुदैवाने आपल्याकडेही गेमवरचाच एक चांगला निकाल आहे, आणि तो अमेरिकी निकालांआधी वाचावा असं मी प्रत्येकाला सांगतो. ओडिशाच्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे असं ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचं म्हणणं होतं. त्या बंदरात टाटा स्टीलची भागीदारी होती. ग्रीनपीसने २०१० मध्ये 'टर्टल व्हर्सेस टाटा' नावाचा, पॅकमॅनच्या धर्तीवरचा ऑनलाइन गेम काढला आणि त्यात टाटांचं वर्तुळातल्या टी अक्षराचं चिन्ह वापरलं. टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामी आणि ट्रेडमार्कभंगाचा दहा कोटी रुपयांचा दावा लावला आणि गेम ताबडतोब बंद करण्याचा हुकूम मागितला. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी तो अंतरिम मनाई हुकूम नाकारला. एखादं चिन्ह टीकेचा, अगदी हल्ल्याचाही विषय झालं म्हणून तेवढ्याने ट्रेडमार्कभंग होतोच असं नाही, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. कायद्यात 'योग्य कारणाशिवाय' केलेला वापर म्हटलंय, आणि टीका हे कारण होऊ शकतं.

हा निकाल तुमच्या कामाचा आहे, पण सरसकट नाही. ग्रीनपीसला काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते टाटांविषयीच म्हणायचं होतं. तुम्हाला त्या मिसळवाल्यांविषयी काही म्हणायचं नाही. शिवाय ग्रीनपीस गेम विकत नव्हती. तुम्ही जाहिरातींतून पैसे कमावता. म्हणून तुमचा बचाव टीकेचा नसून देखाव्याचा आहे, आणि तो आपल्या कायद्याच्या कलमांतून शोधावा लागतो.

कलम २९ बघा. नोंदणीकृत चिन्हासारखं चिन्ह त्याच किंवा तशाच मालासाठी वापरलं आणि लोकांचा गोंधळ उडण्याची शक्यता असली, की भंग होतो. मिसळीच्या दुकानाची नोंदणी असेल तर बहुधा वर्ग ४३ मध्ये, म्हणजे खानपान सेवा (वर्ग म्हणजे नोंदणीतले माल आणि सेवांचे क्रमांकित गट). मसाला किंवा फरसाण विकत असतील तर वर्ग ३० मध्येही. गेमचं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं आणि ऑनलाइन करमणूक वर्ग ४१ मध्ये. मिसळ आणि मोबाइल गेम हा 'तसाच माल' आहे असं म्हणणं अवघड आहे. म्हणून सामनेवाले कलम २९(४) वर येतील. माल वेगळा असला तरी, चिन्हाला भारतात ख्याती असेल आणि तुम्ही योग्य कारणाशिवाय त्या ख्यातीचा गैरफायदा घेत असाल किंवा तिला धक्का लावत असाल, तर भंग होतो असं ते कलम सांगतं. यात 'ख्याती' पुराव्याने सिद्ध करावी लागते: किती वर्षांचा धंदा, किती शाखा, वर्तमानपत्रांतले लेख, जाहिरातीचा खर्च. जुन्या, नावाजलेल्या खाद्यगृहांकडे असे पुरावे असतातही. त्यांना कमी लेखू नका.

यापुढचा प्रश्न: कायद्याच्या अर्थाने हा 'वापर' आहे का? कलम २९(६) मध्ये वापर कशाला म्हणायचं ते दिलंय: मालावर किंवा वेष्टनावर चिन्ह लावणं, त्या चिन्हाखाली माल विकायला ठेवणं, आयात-निर्यात करणं, व्यापारी कागदपत्रांत किंवा जाहिरातीत ते वापरणं. चौकातल्या भिंतीवर रंगवलेली पाटी यात सरळ बसत नाही असा युक्तिवाद करता येतो, आणि मला तो पटतो. पण आता प्ले स्टोअरवरचं तुमच्या गेमचं पान उघडा. तिथल्या चित्रांपैकी एकात ते दुकान आहे का? इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये 'आपल्या लाडक्या मिसळीसमोरून रिक्षा पळवा' असं काही लिहिलंय का? असेल तर जाहिरातीतला वापर झाला, आणि तुमचा सगळ्यात चांगला युक्तिवाद तिथेच गळाला. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत गेमच्या आतल्या दृश्यापेक्षा बाहेरच्या प्रचारानेच जास्त घात केलेला आहे.

चिन्ह नोंदवलेलंच नसेल तर काय? तरी दावा होतो. कलम २७(२) मुळे 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवल्याचा, हक्क शाबूत राहतो. मग त्यांना आपला नावलौकिक, तुमच्याकडून झालेली दिशाभूल आणि त्यातून झालेलं किंवा होऊ घातलेलं नुकसान, हे सगळं दाखवावं लागतं. दिशाभूल दाखवणं तुमच्या प्रकरणात कठीण जाईल. नोंदणी आहे की नाही हे तुम्ही आजच पाहू शकता. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे चिन्हं नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर शोध फुकट आहे. नाव टाका, वर्ग टाका, अर्जाची तारीख, मालकाचं नाव आणि सद्यस्थिती टिपून घ्या. 'अर्ज केला आहे' आणि 'नोंदणी झाली आहे' यांत फार अंतर आहे, आणि नोटिशीत ते बऱ्याचदा धूसर ठेवलेलं असतं.

गेममधल्या त्या दुकानात काय घडतं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. चविष्ट मिसळ मिळते एवढंच असेल तर ठीक. पण मागच्या खोलीत जुगाराचा अड्डा, भेसळीचं तेल, हप्ते घेणारा मालक असं काही कथेत असेल आणि लोकांना खरं दुकान ओळखू येत असेल, तर प्रश्न ट्रेडमार्कचा उरत नाही, अब्रुनुकसानीचा होतो. तिथे तुमच्या बाजूने माझ्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे. गेमबाबत अंतरिम टप्प्यावरच हुकूम होऊ शकतो हे विसरू नका. २०२१ मध्ये अभिनेते सलमान खान यांच्या तक्रारीवरून मुंबईच्या दिवाणी न्यायालयाने त्यांच्या व्यक्तिरेखेवर आणि एका जुन्या अपघात खटल्यावर बेतल्याचा आरोप असलेल्या मोबाइल गेमला तात्पुरती मनाई केली. ते प्रकरण दुकानाच्या नावाचं नव्हतं, व्यक्तीच्या हक्कांचं होतं. पण छोट्या गेमच्या दृष्टीने तात्पुरती मनाईच बहुधा शेवटची ठरते, कारण वर्षभराने जिंकेपर्यंत खेळणारे निघून गेलेले असतात.

बोधचिन्हाचा मुद्दा वेगळा ठेवा. पाटीवर मिसळीच्या वाटीचं किंवा मालकाच्या आजोबांचं चित्र असेल आणि तुम्ही ते उतरवलं असेल, तर ती कलाकृती आहे आणि तिच्यावर कॉपीराइट असू शकतो. सार्वजनिक जागी कायम असलेली किंवा निव्वळ पार्श्वभूमीला आलेली कलाकृती चित्रपटात दाखवायची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. गेमला ती जशीच्या तशी लागू होते का यावर वाद घातला जाईल. त्या वादात पडण्यापेक्षा चित्र नवं काढणं स्वस्त पडतं.

इथवरचं थोडक्यात: पाटी देखाव्यापुरती असेल, प्रचारात नसेल, दुकानाची बदनामी नसेल आणि रंग-चित्र वेगळं असेल, तर तुमची बाजू चांगली आहे. यातली एखादी गोष्ट बिघडलेली असेल तर ती आधी दुरुस्त करा, मग उत्तर द्या.

उत्तराविषयी. नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका, आणि घाबरून माफीनामाही लिहून देऊ नका. लेखी माफीत 'आम्ही ट्रेडमार्कभंग केला' असं वाक्य असेल तर ते उद्या भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्धचा पहिला कागद होतो. वकिलामार्फत, सर्व हक्क अबाधित ठेवून, असं कळवता येतं: आमच्या मते भंग झालेला नाही, तरीही वाद वाढू नये म्हणून पुढच्या अपडेटमध्ये पाटी बदलत आहोत, नोंदणीचा दाखला पाठवा. तुमच्या जागी मी असतो तर पाटी बदललीच असती. नाव पूर्ण वेगळं, रंग वेगळे, अक्षरं वेगळी. आत्ताच्या अर्धवट नावासाठी लढण्यात तुमच्या गेमला काहीच मिळत नाही.

हे सांगताना मला वाईटही वाटतं. कोल्हापूर, सोलापूर, नाशिक यांचे चौक गेममध्ये यावेत, आणि ते पाट्यांसकट यावेत असं मला मनापासून वाटतं. पाट्या पुसल्या की चौक कुठल्याही शहराचा होतो. जिथे नाव कथेला खरोखर लागतं, तिथे मी अशिलांना लढायलाही सांगितलं आहे. दुकानदाराचीही बाजू तितकीच खरी आहे: तीन पिढ्यांनी भट्टीसमोर उभं राहून कमावलेलं नाव कुणी न विचारता वापरलं तर त्याला राग येणारच, आणि तो राग कायद्याच्या कलमात बसत नाही म्हणून खोटा ठरत नाही.

दोन धोके मात्र उत्तर दिल्यावरही उरतात. एक, दुकानदार न्यायालयात न जाता प्ले स्टोअरकडे ट्रेडमार्कची तक्रार करू शकतो. तिथे तुमच्या युक्तिवादाचा कस लागण्याआधीच गेम उतरवला जाऊ शकतो. म्हणून पाटी बदललेलं नवं बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, आजच तयार ठेवा आणि स्टोअरच्या पानावरची चित्रं आधी बदला. दुसरा, एकतर्फी हुकूम. कलम १३४ प्रमाणे नोंदणीकृत चिन्हाच्या मालकाला जिथे तो राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे इथे कोल्हापुरातच. व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची असली तरी तातडीचा मनाई हुकूम मागितला की ती पायरी टाळता येते, आणि ट्रेडमार्कच्या दाव्यांत तो बहुतेक वेळा मागितला जातोच. यावर उपाय म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट. ते दाखल असेल तर तुम्हाला कळवल्याशिवाय अंतरिम हुकूम व्हायला नको. त्याची मुदत नव्वद दिवस असते, नंतर पुन्हा भरावं लागतं. खर्च थोडा आहे आणि झोप शांत लागते.

जुने फोटो, स्केचेस, गटातले संदेश काहीही पुसू नका. रॉकस्टारच्या चित्रकारांनी फोटो वापरल्याचं समोर आलं, त्याने ते हरले नाहीत. लपवाछपवी उघड झाली की मात्र आपल्या न्यायालयांत मनाई हुकुमाच्या सुनावणीचा रंग पालटतो, कारण तिथे तुमचा प्रामाणिकपणा तोलला जातो. 'हे नाव टाकलं की डाउनलोड वाढतील' असा संदेश तुमच्या गटात असेल तर तो तुमच्या वकिलाला आत्ताच दाखवा.

आणि उत्तर पाठवण्याआधी किंवा पाठोपाठ, दुकानात जाऊन मालकांशी बोला. २०१० मध्ये एका हिंदी चित्रपटातल्या गाण्यात झंडू बामचं नाव आलं तेव्हा कंपनीने कायदेशीर नोटीस काढली होती. ते न्यायालयाबाहेर मिटलं आणि पुढे त्याच गाण्यातली अभिनेत्री त्या बामच्या जाहिरातीत दिसली. तुमच्या मालकांनाही गेम एकदा खेळून दाखवला तर खऱ्या नावानिशी परवानगी मिळू शकेल. मिळाली तर ती तोंडी ठेवू नका. पत्रात नाव आणि बोधचिन्ह दोन्हींचा उल्लेख हवा, गेमचे पुढचे अपडेट आणि पुढचा भाग त्यात धरलेला हवा, स्टोअरच्या पानावर आणि जाहिरातीत पाटी दाखवता येईल की नाही ते स्पष्ट हवं, आणि परवानगी मागे घ्यायची झाली तर पाटी काढायला किती दिवस मिळतील तेही. शेवटी, सही कोण करतंय ते तपासा. जुन्या खाद्यगृहांत भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात, एकाच नावाची दोन दुकानं दोन चुलतभाऊ चालवत असतात, आणि नोंदणी तिसऱ्याच्याच नावावर निघते. रजिस्ट्रीत मालक म्हणून ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांच्या सह्या घ्या.